एक ग्रह, एकच हवामान? राहण्याजोगं जग रचायचं कसं?

पेठेतला_फासा

मंडळी, राम राम.

शनिवारी रात्री कोल्हापुरात, राजारामपुरीत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आमचा रोल-प्लेइंगचा खेळ बसतो, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि गोष्ट पुढं न्यायची. कागद, फासे, पात्रांची माहिती लिहिलेली कॅरेक्टर शीट आणि गेम मास्टर, म्हणजे जग रचून गोष्ट चालवणारा, मी. तलवारी आणि ड्रॅगन करून कंटाळलो, म्हणून दिवाळीपासून अवकाशात गेलोय. नियम घरचेच, थोडे इकडचे थोडे तिकडचे.

माझा ग्रह असा: 'मित्र' ताऱ्याचा (अल्फा सेंटॉरी) धाकटा भाऊ प्रॉक्झिमा, त्याच्याभोवती फिरणारा 'करवीर-२'. खरा ग्रह तिथं २०१६ मध्ये सापडलाय, साडेअकरा दिवसांच्या आत एक फेरी मारतो, ते मी तसंच उचललं. एक बाजू कायम उन्हात, दुसरी कायम अंधारात. सगळा ग्रह म्हणजे तांबडं वाळवंट. माणसं उसावर जगतात, एकच कारखाना हाय, आणि कारखान्याचा चेअरमन हा खलनायक. पोरांना चेअरमन लई आवडला.

पण आमच्यात एक कृषी पदवीची विद्यार्थिनी खेळते. तिनं पहिल्याच सेशनला विचारलं, "वर्ष अकरा दिवसांचं, मग आडसाली लावायची कधी?" (आडसाली म्हणजे जुलैत लावून दीडएक वर्षानं तोडायचा ऊस.) मी म्हटलं, जुलैत. तर म्हणते, "जुलै किती तासांचा?" मग तिनं मोबाईलवर गुणाकार केला आणि जाहीर केलं की आडसाली ऊस तोडीला यायला तिथं शेचाळीस वर्षं लागतात. खोलीभर हशा. वर परत, "वाळवंट आहे तर पाऊस कुठनं येतो, आणि पाऊस नाही तर कारखाना कशावर चालतो?"

तेव्हापासून खेळाडू चेअरमनला सोडून माझ्याच मागं लागलेत.

तर जाणकारांना विचारणं एवढंच: तारा कुठला घ्यावा, दिवस-रात कशी ठरवावी, माणसाला तिथं मास्कशिवाय श्वास घेता येईल का, आणि यातलं किती ठरवलं म्हणजे पुरं? मला दहावीपर्यंतचं गणित येतं. शनिवारपर्यंत वेळ हाय.

टाक_फासा

भावा, नाद खुळा आयडिया हाय. पण एवढं खोलात कशाला? सहाच्या फाशावर वातावरण टाक, परत एकदा पाणी टाक, आलं त्यात खेळ. शनिवारी कोण पीएच.डी. करायला येतंय व्हय?

चेअरमन मात्र ठेव. पांढरी टोपी, पांढरा स्पेससूट.

बरगेवाला

त्या उसाचा प्रश्न विचारणाऱ्या पोरीला माझा नमस्कार सांग. असं एक माणूस खेळात असावंच.

मी सगळी नोकरी पाटबंधाऱ्याच्या कामात काढली, आता घरी असतो आणि भाच्यामुळं या खेळात पडलो. खोड अशी लागली आहे की ग्रह म्हटलं तरी मी आधी पाणी कुठनं कुठं जातंय ते बघतो. तुलाही तेच सांगणार आहे. अख्खा ग्रह रचायला जाऊ नकोस. आकाश हिशेबानं ठरव आणि त्याच्याखाली एकच खोरं बनव, घाटमाथ्यापासून संगमापर्यंत. तुझे खेळाडू वर्षभर त्यातनं बाहेर पडणार नाहीत.

आकाश आधी. लोकांना व्याधासारखी भारदस्त नावं घ्यायची हौस असते, पण व्याध पडला जेमतेम पंचवीस कोटी वर्षांचा. पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी, आणि त्यातल्या पहिल्या दोनशे कोटी वर्षांत हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. सूक्ष्मजीवांनी तो भरायला घेतला त्याला साधारण २४० कोटी वर्षं झाली. म्हणजे व्याधाभोवती मोकळा श्वास घेण्याजोगा ग्रह दाखवलास तर ती हवा कुणी बनवली, हे सांगावं लागेल. दुसऱ्या टोकाला तुझा प्रॉक्झिमा. तांबडा बटू, म्हणजे लहान, मंद, कमी तापलेला तारा. आयुष्य भरपूर, पण ऊब मिळायला ग्रहाला इतकं जवळ बसावं लागतं की एक तोंड कायम ताऱ्याकडं अडकायची शक्यता मोठी. शिवाय असे तारे मधनंमधनं भडकतात. तसलंच ट्रॅपिस्ट-१. सात ग्रह आहेत म्हणून २०१७ साली केवढा गाजावाजा झाला, पण जेम्स वेब दुर्बिणीनं २०२३ मध्ये आतल्या दोन ग्रहांकडं बघितलं तर जाड वातावरणाचा मागमूस लागला नाही.

म्हणून मधला घे, नारंगी बटू. हिशेब सोपा जावा म्हणून वस्तुमान सूर्याच्या पाऊणपट धर आणि तेज पावभर. वस्तुमान थोडं उतरलं की तेज झपाट्यानं उतरतं, त्यामुळं हे आकडे एकमेकांना धरून आहेत. उष्णता अंतराच्या वर्गानं कमी होते. तेज पाव असेल तर निम्म्या अंतरावर पृथ्वीइतकंच ऊन मिळतं. वर्ष काढायचं तर अंतराचा घन कर, वस्तुमानानं भाग, वर्गमूळ काढ. निम्म्याचा घन ०.१२५, भागिले ०.७५, वर्गमूळ ०.४१ च्या आसपास. म्हणजे १४९ दिवसांचं वर्ष. दहावीचं गणित पुरलं की नाही? तारा आपल्या सूर्याच्या जवळपास दीडपट मोठा दिसेल आणि भर दुपारचं ऊनसुद्धा जरा पिवळट वाटेल.

आता एक मजा बघ. तारा जवळ असला की त्याची ओढही वाढते. पाऊणपट वस्तुमान, निम्मं अंतर, म्हणजे आपल्या सूर्यामुळं जेवढी भरती येते तिच्या सहापट. आपल्या चंद्राच्या भरतीच्या अडीचपटीहून जास्त. चंद्र द्यायची गरजच नाही. कोकणात भरतीची वेळ तिथीवर काढतात, कारण ती रोज पुढं सरकते. इथं सरकणारच नाही. एखाद्या बंदरात भरती दुपारी दोनला येत असेल तर ती उद्याही दोनलाच, आणि नातवाच्या लग्नातही दोनलाच. बंदरावरचं सगळं आयुष्य त्या घड्याळावर चालणार. तीच ओढ ग्रहाच्या फिरण्याला ब्रेक लावते, म्हणून दिवस २४ ऐवजी ३० तासांचा ठेव. मग वर्ष तिथल्या ११९ दिवसांचं झालं.

आता कल, म्हणजे ग्रहाचा आस किती झुकलाय ते. लोक हा आकडा टाकून पुढं जातात आणि त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नाही. आपल्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव घे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, आणि ९ ते ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी आणखी वर, तिसऱ्या दिवशी मुखावर. डिसेंबरच्या २१ तारखेपासून मागं आणि पुढं मोजून बघ, दोन्हीकडं ४१-४२ दिवस भरतात. सूर्य दक्षिणेला जाताना एकदा त्या जागी मावळतो आणि परत येताना एकदा. कल शून्य ठेवलास तर सूर्य रोज एकाच ठिकाणी मावळणार. किरणं रोज आत येणार, नाहीतर कधीच येणार नाहीत. दोन्ही बाबतींत सण उरत नाही.

कल आपल्यासारखा २३ अंश ठेवलास आणि वसाहतीतल्या लोकांनी आठवणीनं तसंच देऊळ बांधलं, तर? वर्ष ११९ दिवसांचं, म्हणजे मावळतीची जागा रोज आपल्या तिप्पट सरकते. तीन दिवसांचा सोहळा एका संध्याकाळीत संपतो. त्या संध्याकाळी ढग आले तर पुढची संधी कधी सत्तावीस दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी. आता तूच सांग, त्या दिवशी ढग कुणी आणले यावरनं गावात भांडण लागेल की नाही?

हे झालं आकाश. आता खोरं.

'वाळवंट ग्रह', 'बर्फाचा ग्रह', 'जंगल ग्रह' हे प्रकार कोल्हापुरात बसून लिहिणाऱ्यानं तरी करू नयेत. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथनं पूर्वेला शिरोळला जा, पाचशेच्या आसपास. मधलं अंतर शंभर किलोमीटर. एकाच जिल्ह्यात दहापट फरक, आणि कारण एकच: समुद्रावरनं आलेली ओली हवा सह्याद्री चढताना गार होते, पाणी टाकते आणि पलीकडं कोरडी उतरते. तुझ्या ग्रहावर समुद्र कुठं, वारा कुठनं आणि डोंगर आडवा कुठं, या तीन रेघा ओढल्यास की पाऊस आपोआप ठरतो. फासा टाकावा लागत नाही.

गुरुत्व १.१ ठेव, त्याहून फार वर जाऊ नकोस. १.५ केलंस तर खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात धोबीपछाड खाणाऱ्याची हाडं मोजायला माणूस बसवावा लागेल. १.१ ला साठ किलोचा माणूस सहासष्ट किलोचा वाटेल, आठवड्यात सवय होईल. पण हवेला मात्र फरक पडतो. वर चढणारी कोरडी हवा आपल्याकडं दर किलोमीटरला ९.८ अंशांनी गार होते, तिथं पावणेअकरा अंशांनी होईल. म्हणजे डोंगर जरा ठेंगणे असले तरी पाऊस पाडतील.

पाणी आलं की माणूस ते अडवणार. इथं मी माझ्या धंद्यावर येतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बघितलायस ना? नदीत दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, सोडायचे. जुन्या पद्धतीत दोन ओळी बरगे आणि मध्ये माती ठासायची. पावसाळा सरला की घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे. काढले नाहीत तर पुराचं पाणी तुंबतं, काठावरच्या शेतात घुसतं. बरगा काढणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. पाणी वाढायच्या आत, गाळ धरलेल्या खाचांतनं एकेक वर ओढायचा, दोर तुटतो, पाय घसरतो, आणि वर घाटात काय पडतंय ते तिथं उभ्या माणसाला दिसत नाही.

तुझ्या ग्रहावर हे काम आपल्या हिशेबानं दर अडीच महिन्यांनी. एकदा घाला, एकदा काढा, की वर्ष संपलं. बरगेवाल्यांची जातच वेगळी तयार होईल तिथं. आणि बरगे कधी काढायचे ते कोण ठरवणार? तुझा चेअरमन. त्याचा ऊस पाण्यावर आलाय, त्याला आणखी दोन दिवस पाणी हवंय. वर घाटात कोसळायला लागलंय. खाली संगमावरच्या गावात ढगसुद्धा नाही, डोक्यावर ऊन आहे, आणि तिथं पूर येणार आहे. आमच्याकडं हे कल्पनेतलं नाही, शिरोळकराला विचार.

पूर आला म्हणजे सगळं रडगाणंच असतं असंही नाही. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी पादुकांवरनं जाऊन दक्षिण दारातनं बाहेर पडायला लागलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक त्या पाण्यात स्नानाला गर्दी करतात. एकाच पाण्याला वर शिव्या आणि खाली नमस्कार. असलं काहीतरी तुझ्या खोऱ्यात दे. नुसतं 'ग्रहाचा धर्म: जलपूजक' असं शीटवर लिहून भागत नाही.

आणखी एक गोष्ट, खेळात लागणार नाही पण तुला माहीत असावी. पाऊस, खडक आणि ज्वालामुखी मिळून ग्रहाचं तापमान लाखो वर्षांच्या हिशेबात सांभाळतात. पावसात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खडक झिजवतो, ते सगळं समुद्रात जाऊन चुनखडी बनते, ज्वालामुखी तो वायू परत वर सोडतात. ऊब वाढली की झीज वाढते आणि वायू कमी होतो. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पायाखाली जो जांभा आहे तो असल्याच झिजेचा उरलेला गाळसाळ, काळा बसाल्ट लाखो वर्षं पावसात भिजून झालेला. ग्रह फार लहान घेतलास तर आतनं लवकर निवतो आणि ही फिरती बंद पडते. मंगळाचं वस्तुमान पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाएवढं, तिथं काय झालं ते दिसतंच आहे. तेव्हा तुझ्या नकाशावर एखादा जिता ज्वालामुखी असू दे.

काळीमाती

मी तीच. आडसालीवाली. धागा सापडला मला.

काकांनी पाण्याचं सांगितलं, मी मातीचं सांगते, कारण तिकडं कुणी बघतच नाही. सगळ्या कथांमध्ये माणसं उतरतात आणि दुसऱ्या पानावर शेतं डोलतात. अहो, खडकाचा भुगा म्हणजे माती नव्हे. मातीतला सेंद्रिय कर्ब जिवांनी घातलेला असतो. भुईमुगाच्या मुळावर गाठी येतात त्या जिवाणूंमुळं, आणि ते जिवाणू तिथं नसणार. पहिल्या जहाजातनं बंदुका कमी आणि जिवाणूंची पाकिटं जास्त न्यावी लागतील. आणि गुरं नेली नाहीत तर शेणखत कुठनं? ज्याच्याकडं चांगल्या मातीची पहिली पोतडी तो तिथला सावकार.

श्वासाचं म्हणाल तर नुसता टक्का लिहू नका, दाब पण लिहा. आपल्याकडं हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे समुद्रसपाटीला साधारण ०.२१ बार. एव्हरेस्टवर टक्का तोच असतो, पण हवाच एक तृतीयांश उरते. टक्का फार वाढवला तर वेगळंच संकट: पाचट पेटवायचं तर सोडाच, ठिणगी पडली तरी फड जाईल. १५-१६ टक्क्यांच्या खाली आणलं तर चूलच नीट पेटणार नाही. गुऱ्हाळ कसं चालवणार?

आणि तिथले झाडपाले. त्यांची प्रथिनं आपल्यासारखीच घडलेली असतील असं नाही. विषारी नसतीलही, पण पोट भरेल आणि अंगाला लागणार नाही. दुष्काळात लोक ते खातील आणि भरल्या पोटी वाळत जातील. हे मला खेळात हवंय.

काकांच्या १४९ दिवसांच्या वर्षात आडसाली साडेतीन वर्षांची होते. ते चालेल. उसाला वर्ष कळत नाही, ऊब आणि पाणी कळतं. फक्त तुरा कधी येईल ते रात्रीच्या लांबीवर असतं, ते ३० तासांच्या दिवसात काय होईल ते करून बघावं लागेल. तुझ्या जुन्या करवीर-२ च्या उन्हाच्या बाजूला रात्रच नाही, त्यामुळं तुरा येणारच नाही. शिवाय तांबड्या बटूचा बराचसा प्रकाश डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेचा. भर दुपारी जुन्या पिवळ्या बल्बखाली बसल्यासारखं. आपला ऊस त्यावर पोसणार नाही.

पेठेतला_फासा

काका, तुम्हाला साष्टांग. वहीत समुद्र, वारा, डोंगर अशा तीन रेघा मारल्या आणि खरंच पाऊस कुठं पडतो ते दिसायला लागलं. पश्चिमेला बंदर, मग घाट, मग चार उपनद्या, मग कारखाना, मग संगम. हे कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय, पण असू दे.

काळीमाती, तू इथं आहेस हे बरं नाही झालं. चेअरमनचं आणि बरग्यांचं वाचलंस ते विसर.

दोन शंका काका. एक, जुना करवीर-२ टाकूनच देऊ का? पोरांनी तिथं एक जहाज सोडलंय, परत जायचं म्हणतात. दोन, १४९ दिवसांचं वर्ष म्हटल्यावर वय कसं सांगायचं? आमच्यातल्या एकाचं पात्र साठ वर्षांचं हाय.

बरगेवाला

टाकू नकोस, मुक्कामाची जागा बदल. एक तोंड कायम उन्हात असेल तर अंधाऱ्या बाजूला पाणी जाऊन गोठून बसतं, सगळा साठा तिकडं. पण बर्फ जाड झाला की स्वतःच्या वजनानं उजेडाकडं सरकतो, आणि जिथं वितळतो तिथं कडेकडेनं नद्या निघतात. वस्ती त्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात. हवा जाड दिलीस तर ती ऊब अंधाराकडं नेते आणि पट्टा रुंद होतो, विरळ दिलीस तर अरुंद. तारा भडकला की सगळे डोंगराच्या सावलीत पळणार, आणि सावली तिथं कधी हलत नाही, त्यामुळं सावलीतल्या जागेचा भाव काय असेल विचार कर. ऊस नाही, पण बर्फ विकून गबर झालेला एखादा माणूस तिथं चालेल. चेअरमनचा व्याही कर त्याला. दोन तारे वेगळे, तेव्हा मधल्या प्रवासाला किती काळ लागतो ते आधी ठरव, नाहीतर लग्नाला वऱ्हाड म्हातारं होऊन पोचायचं.

वयाचं म्हणशील तर साठ वर्षांचा माणूस तिथं १४७ वर्षांचा. पण वसाहतीत दोन्ही मोजण्या चालतील. सातबारा आणि कर्जाचे हप्ते तिथल्या वर्षावर, कारण पीक त्यावर आहे. जन्मतारीख जुन्या वर्षावर, कारण आजी ऐकत नाही. व्याज कुठल्या वर्षानं लावायचं यावर पहिला खटला उभा राहील. बँकेनं तिथल्या वर्षाचा दर आपल्या वर्षाचा म्हणून सांगितला, तर कर्जदार अडीचपट बुडाला. तुझ्या साठीतल्या पात्राला त्याच कर्जात अडकव.

टाक_फासा

लग्नाला वऱ्हाड म्हातारं 😂 काका, तुमचा खेळ कुठं चालतो? एक जागा धरा माझी.

काळीमाती

विसरले असं समज. शनिवारी मी बरगेवालीण घेऊन येणार, शीट तयार आहे. आणि आधीच सांगून ठेवते, बरगे घातल्यावर नदी तुंबून उभी राहते. मग त्या दिवसांत कारखान्याची मळी कुठं सोडतात, हे मी चेअरमनला पहिल्याच भेटीत विचारणार आहे. उत्तर तयार ठेव.